पान जोडणारी गोगलगाय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई शाळेत जीवशास्त्र शिकवतात आणि त्यांच्या यजमानांना अख्खी गल्ली कात्री म्हणते. कात्री लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. त्यांच्या हातून निघालेलं लग्न पाहून खुद्द नवरा-नवरीला वाटतं, अरेच्चा, आपण एवढे खूश होतो?

या धंद्यातली त्यांची एक खास युक्ती आहे. चित्रण कमी पडलं की असलेला तुकडा आधी सुलटा चालवायचा, मग उलटा, मग परत सुलटा. टाळ्या उलट्या वाजल्या तरी टाळ्याच आणि मावशी उलटी हसली तरी मावशीच. एका लग्नात त्यांनी नवरीच्या मावशीला गाणं संपेपर्यंत असं हसवत ठेवलं, की घरी बसून तो व्हिडिओ बघताना बिचारीचे गाल दुखून आले. डॉक्टरकडे न्यावं लागलं. खोटं वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा.

तर बाईंनी शाळेतल्या मुलांसाठी एक वेबसाइट केली होती. बी कसं रुजतं, हृदय कसं धडधडतं, मुंगी वाट कशी शोधते, सगळं हलतं-बोलतं. पण मुलांची गर्दी एकाच खिडकीवर. काचेची पेटी, तिच्यावर रोखलेला कॅमेरा, कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘थेट’ आणि आत एक गोगलगाय. मुलांनी तिचं नाव एक्सप्रेस ठेवलेलं. कुठकुठल्या शाळांतली मुलं तिला बघायची आणि खाली आपापली निरीक्षणं लिहायची. बाईंचा नियम एकच होता. पुस्तकात काय छापलंय ते लिहायचं नाही, डोळ्यांना काय दिसलं ते लिहायचं.

साइट इतकी गाजली, की शिक्षण खात्याच्या साहेबांपर्यंत बातमी गेली. त्यांनी कळवलं, ‘अमुक दिवशी मुलांबरोबर मीही ऑनलाइन बसेन. पटलं तर तुमची साइट सगळ्या शाळांना देऊ. नाही पटलं तर खात्याचा सर्व्हर काही फुकट जागा अडवायला नाही.’ बाईंनी दोन वर्षं सुट्ट्या जाळून ती साइट उभी केली होती. सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं.

आणि नेमकं त्याच्या आधी बाईंना परगावी प्रशिक्षणाला जावं लागलं.

“अहो, रोज ताजं पान घाला, पाण्याचा फवारा मारा आणि झाकणाची खिटी लावा,” बाईंनी निघताना बजावलं.

“अगं, मी अख्खी वरात सांभाळतो. एक गोगलगाय काय सांभाळणार नाही?”

वरात पळून जात नाही. दुसऱ्याच दिवशी कात्री पान घालत होते, तेवढ्यात एका नवरीच्या आईचा फोन आला. व्हिडिओत तिच्या व्याह्यांपेक्षा ती कमी दिसते, अशी तक्रार होती. अशी भांडणं लवकर मिटत नाहीत. फोन ठेवून कात्री वळले, तर झाकण उघडं आणि पेटी रिकामी.

त्यांनी पलंग हलवला, कपाट हलवलं, गाद्या झटकल्या. आमच्या छतावरून हत्ती फिरतोय असं वाटत होतं. एक्सप्रेस काही सापडली नाही. शाळा भरायची वेळ झाली, तसा त्यांच्यातला एडिटर जागा झाला. जुन्या चित्रणातला एक छान तुकडा त्यांनी काढला. एक्सप्रेस चालत येते, पान खाते, शी करते, पुढे जाते. तो लावला सुलटा, मग उलटा, मग सुलटा. कोपऱ्यात ‘थेट’ होतंच. मग कपाळावरचा घाम पुसून ते चहा प्यायला बसले.

मावशीला खपलं ते मुलांना थोडंच खपणार?

दुपारपर्यंत निरीक्षणांचा पाऊस पडला. ‘एक्सप्रेस आता मागेही चालते.’ ‘तिने कुरतडलेलं पान तोंडातून काढून परत जोडलं. जोड दिसत नाही.’ ‘तिने शी परत आत घेतली. बहुतेक वाया जाऊ नये म्हणून.’ एका शाळेने या शेवटच्या मुद्द्यावर वादविवाद स्पर्धा ठेवली. कुठल्याशा बागेच्या माळ्याने फोन केला, “पान जोडणाऱ्या गोगलगायी पोतंभर पाठवा, आमचा कोबी पार चाळणी झालाय.”

साहेबांच्या भेटीच्या दिवशी सकाळी बाई परतल्या. वाटेत त्यांनी फोनवर सगळं वाचलं होतं. पायांतल्या चपलाही न काढता त्या पेटीपुढे उभ्या राहिल्या.

“कुठाय?”

“कोण?” कात्री म्हणाले.

“अहो, माझ्याकडे बघून बोला.”

कात्रींनी सगळं सांगितलं. फोन, झाकण, तुकडा. मग हळूच म्हणाले, “आजच्या दिवस तोच चालू दे ना. साहेबांना काय कळतंय? मी उलटी बाजू कापून टाकतो. नुसती सुलटी ठेवू.”

“आणि मुलांच्या निरीक्षणांचं काय करू? चूक म्हणून फुली मारू?” बाईंचा आवाज चढला. “त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं, अगदी शीसकट. चुकली ती दाखवणाऱ्याची बाजू.”

“अगं, पण साइट जाईल!”

“जाईल तर जाईल,” बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्या खुर्चीवर मटकन बसल्या.

वेळ झाली. पडद्यावर वर्गच्या वर्ग उगवले आणि एका चौकटीत साहेब, लाल टाय घट्ट आवळलेले. बाईंनी कात्रींचा तुकडा बंद केला आणि खऱ्या कॅमेऱ्यात रिकामी पेटी दाखवली.

“मुलांनो, काही दिवस तुम्ही जे पाहिलंत ते थेट नव्हतं. जुनं चित्रण उलटसुलट फिरवलेलं होतं. तुमचे डोळे बरोबर होते. गोगलगाय मागे चालत नाही आणि पान जोडत नाही. आमच्याकडून तुमची फसवणूक झाली. माफ करा.”

साहेबांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. “म्हणजे कोपऱ्यात ‘थेट’ लिहून खोटं दाखवत होतात? बाई, अशी साइट मी शाळांना देऊ? आहे तीसुद्धा आजच बंद...”

“बाई!” सहावीतली एक चष्मेवाली मध्येच ओरडली. “ते राहू द्या हो. एक्सप्रेस आहे कुठे मग?”

मग प्रत्येक चौकटीतून एकच गलका उठला. “तिला पाणी लागतं!” “ती चिकट वाट सोडते!” “वाळली तरी चकाकते!” “टॉर्च तिरका धरा, बाई, वरून नको!”

बाईंनी पेटीवरच्या कॅमेऱ्याऐवजी मोबाइल जोडला आणि कात्रींच्या हातात दिला. टॉर्च स्वतः घेतला. पेटीच्या काठावर उजेड तिरका पडला आणि चांदीच्या रेघेसारखी एक वाट चमकली.

तुम्हाला सांगतो, त्या घरात इतका शोध चोरी झाली असती तरी कोणी घेतला नसता. रेघ टेबलाच्या पायावरून उतरली, भिंतीकडेने खिडकीच्या पडद्यामागे गेली. कात्रींच्या वायरींच्या गुंत्यापाशी हरवली. “गोल फिरून बघा!” चष्मेवालीने फर्मावलं. पलीकडे सापडली. स्वयंपाकघरात मोरीपाशी तिने एक मोठं वळण घेतलं होतं.

“पाणी प्यायली असणार!”

“आता डावीकडे,” कोणीतरी म्हणालं.

“उजवीकडे घ्या हो, उजवीकडे! ती काय चमकतेय, आंधळे आहात का?” हा आवाज जाड होता. साहेब खुर्चीतून उठले होते आणि पडद्यावर आता त्यांचं नुसतं पोट आणि टायचं टोक दिसत होतं.

उजवीकडे गॅलरी होती. गॅलरीत पुदिन्याची कुंडी होती, काल पाणी घातलेली. पुदिन्याच्या बुंध्याशी ओल्या मातीत एक्सप्रेस मान खुपसून बसली होती.

“मेली?” एका छोट्याने विचारलं.

“शू!” बाईंनी माती काडीने अलगद बाजूला केली. “कॅमेरा जवळ आणा. आणखी जवळ.”

खळग्यात होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखी पांढरी, ओली अंडी होती. आणि आणखी एक हळूहळू, अगदी हळूहळू, बाहेर येत होतं.

कुठल्याच चौकटीत कोणी हललं नाही. इतकी शांतता पसरली, की शाळांचे शिपाई डोकावून गेले म्हणतात, सुट्टी झाली की काय म्हणून.

“पुस्तकात याचं चित्र आहे,” चष्मेवाली पुटपुटली. “पण तिथे ती इतका वेळ घेत नाही.”

साहेब खाली बसले. टाय सैल केला. “बाई,” ते म्हणाले, “साइट सगळ्या शाळांत जाईल. पण ‘थेट’ लिहिलंत तर ते थेटच असलं पाहिजे. परत असं झालं तर मी ऐकून घेणार नाही.”

“नाही होणार,” बाई म्हणाल्या. मागे वळून त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, की कात्रींनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“आणि आज कोणी बंद करू नका,” साहेब म्हणाले. “माझी एक मीटिंग आहे. बसू दे तिथल्या लोकांना वाट बघत.”

अंडं अजून अर्धंच बाहेर आलं होतं. कात्री उकिडवे बसून होते. पायाला मुंग्या आलेल्या, खांदा भरून आलेला. उभ्या आयुष्यात एवढा लांब तुकडा त्यांनी न कापता पाहिला नव्हता. शेवटी त्यांच्याने राहवेना.

“अगं,” ते कुजबुजले, “एवढा मधला भाग जरा पळवू का?”

सगळ्या शाळा एका सुरात ओरडल्या, “नाही!” आणि त्यात सर्वांत मोठा आवाज साहेबांचा होता.