आठ भोकांचं चाक

"चार डोळं, मापात. बोलतंय बघ हे. जाऊ दे पुढं."

हा आवाज मी ऐकला तेव्हा माझं अंग अजून कोमट होतं. पुण्याकडच्या एका कारखान्यात मी नुकताच साच्यातून निघालो होतो. यंत्रानं माझी कड तासली होती, मधोमध गोल घर कोरलं होतं आणि त्याभोवती चार भोकं पाडली होती. एक बाई लाकडी हातोडी घेऊन उभी होती. प्रत्येक चाकावर ती टक् करून मारायची आणि कान द्यायची. अंगात तडा असेल ते चाक खोकल्यासारखं वाजायचं, धड असेल ते घुमायचं. मी घुमलो. तेव्हा यंत्रांच्या गोंगाटात, जात्यावर बसल्यासारखी ती स्वतःशीच म्हणाली:

गोल माझ्या चाका, तुला दिलं चार डोळं,
मापाच्या घरी जा, मग फिर रान सगळं.

मित्रांनो, मी एक अलॉयचं चाक आहे. आता जुना झालो आहे. उचगावातल्या एका लेथच्या शेडमध्ये, परवापर्यंत पाण्याच्या पिंपाखाली उताणा पडून होतो. त्या बाईनं मला चार डोळे दिले होते. आज माझ्या अंगावर आठ आहेत. बाकीचे चार कुठून आले ते सांगतो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी पहिली सात वर्षं सुखाची गेली. कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांच्या मोठ्या गाडीला आम्ही चौघे होतो. ती गाडी आमच्या मापाची आणि आम्ही तिच्या. मापाचं घर मिळालं की चाकाला आपण चाक आहोत हे आठवतही नाही, नुसतं फिरायचं असतं. मग एका वर्षी पंचगंगेचं पाणी वाढलं आणि गाडी छतापर्यंत बुडाली. गाडी भंगारात गेली. आम्हाला काढून धुतलं आणि भंगारवाल्याच्या दारात टांगलं. तिथं आम्हाला कृष्णात आबांनी पाहिलं.

कृष्णात आबा म्हणजे लेथवरचा मोठा कारागीर. उसाच्या चरकाचा दांडा असो, विहिरीवरच्या पंपाचा बुश असो, पिठाच्या गिरणीचा खिळलेला आस असो, लोक मोडकं घेऊन यायचे आणि आबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "बसवतो की!" आणि बसवायचे. उचगावात सगळे म्हणत, आबांनी हात लावला की लोखंडसुद्धा ऐकतं. आबांना हे ठाऊक होतं, आणि ते ऐकायला आवडतही होतं.

आबांची लेक अनुजा दूध संघात सुपरवायझर होती. गावोगावच्या दूध संस्थांत जाऊन दूध तपासायचं, वह्या बघायच्या, हे तिचं काम. त्यासाठी तिनं स्वतःच्या पगारातून एक लहान गाडी घेतली होती. गाडी होती म्हणून ती नोकरी होती. त्यांच्या गल्लीत बाईमाणसानं चारचाकी चालवायची, ही पहिलीच वेळ. गाडीला काळी लोखंडी चाकं होती आणि अनुजाला त्यांचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते आबांना. त्यांचा भाचा सम्राट एकदा म्हणाला होता, "मामा, एवढी झ्याक गाडी आन् चाकं डब्याच्या झाकणागत!" तेवढं पुरलं. खंडेनवमीला लेथची पूजा होईल तेव्हा शेजारी अनुजाची गाडी नव्या चाकांवर उभी असेल, असं आबा चार लोकांत बोलून बसले.

आम्हाला घेऊन ते मंगळवार पेठेत विजयसिंह टायरवाल्याकडे गेले. विजयसिंहनं मला उलटं पाडलं, माप लावलं आणि मान हलवली.

"आबा, हे अनुजाच्या गाडीचं चाक न्हाय."

"का? चार भोकं हायत की. तिच्या गाडीलाबी चारच हायत."

"चार बटणं हायत म्हणून कुणाचाबी सदरा कुणालाबी बसतोय व्हय? ही चार भोकं ज्या गोलावर हायत तो गोल एकशे आठचा. तुमच्या गाडीचा शंभरचा. मधलं भोक मोठं, आसावर सैल राहणार. आन् हे चाक बसलं तरी बाहेर येणार, वळणावर पत्र्याला घासणार. तीन आठवडं द्या, मी मापाची मागवून देतो."

"तीन आठवडं? खंडेनवमी चार दिवसांवर आली."

"मग पुढच्या खंडेनवमीला करा. चाक काय देवाला दाखवायचं हाय व्हय?"

आबा हसले, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं. "आठ मिलीमीटरसाठी तीन आठवडं! अरं, लेथ कशाला हाय माझ्याकडं? बसवतो की."

"आबा," विजयसिंह शेवटचं म्हणाला, "तुमचा हात मला म्हाईत हाय. पण हे चाक हाय. ह्याच्यावर माणूस बसतंय."

मित्रांनो, नवीन चाक घेताना हीच तीन मापं बघायची असतात: भोकांचा गोल, मधलं घर आणि चाक किती आत बसतं. चकाकी सगळ्यात शेवटी. विजयसिंहनं हे फुकट सांगितलं होतं.

अष्टमीला दिवसभर आणि मग रात्रभर आबांचा लेथ चालला. मी मान्य करतो, त्यांचा हात सोन्याचा होता. माझ्या जुन्या चार भोकांच्या मधोमध त्यांनी नवी चार पाडली. मधल्या सैल घरासाठी कड्या कातून बसवल्या. पण नुसतं भोक पाडून भागत नाही. नट तिरक्या खांद्याचा असतो, त्याला बसायला भोकाच्या तोंडाशी तसाच उतार कोरावा लागतो. उतार नसला तर नट भोकाच्या धारेवर उभा राहतो, माणूस उंबऱ्यावर टाचांवर उभा राहावा तसा. आबांनी एका चाकाला उतार दिला, दुसऱ्याला दिला, तिसऱ्याला दिला. माझ्या वेळेपर्यंत त्यांचे डोळे लाल झाले होते आणि हत्याराची धार गेली होती. मला सरळ भोकं मिळाली, उतार मिळाला नाही.

सकाळ झाली. खंडेनवमी उजाडली. त्यांनी आम्हा चौघांना पान्यानं गाडीला आवळलं, मला डाव्या बाजूला पुढं, आणि मग पाना, ड्रिल, छिन्न्या, मापं सगळं धुऊन पाटावर मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू घातला. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नसतं. वर्षातला एकच दिवस ते देव असतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, दसरा झाला की ह्याला उतार देऊ. एक दिवसाचा तर प्रश्न.

माणसं जमली. सम्राट ओरडला, "नाद खुळा, मामा! कंपनीची वाटत्यात!" आबांची थोरली बहीण, सम्राटची आई बाळाबाई, नवरात्राला माहेरी आली होती. तिनं गाडीला ओवाळलं आणि ओवी धरली:

भावाच्या ग दारी, उभी गाडी ही नटून,
भाची माझी बसली, चाक हातात धरून.

बाळाबाईला दसऱ्याला आजऱ्यात आपल्या घरी असायला हवं होतं. अनुजा म्हणाली, "आत्ती, चल, आत्ताच सोडते तुला. नव्या चाकांवर."

आबांच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"आक्का," ते म्हणाले, "यष्टीनं जा की. सणाची गर्दी असती रस्त्याला."

"व्हय तर! भाचीची गाडी दारात आन् मी यष्टीत लोंबकळत जाऊ व्हय? शरम वाटू दे की रं!"

सगळे हसले. मित्रांनो, त्या हसण्याच्या आत एक जागा होती. तिथं आबांनी एवढंच म्हणायचं होतं की एक चाक अर्धं राहिलंय. काळी लोखंडी चाकं तिथंच भिंतीला टेकून होती. पण मला काढायला पूजेतला पाना उचलावा लागला असता. आणि मग सगळ्यांसमोर तीन चाकं चकचकीत, एक काळं. आबा नारळ फोडायला वळले.

कागल मागं पडलं तसा मी थरथरू लागलो. चारही नट धारेवर नाचत होते आणि माझा मऊ धातू जरा जरा झिजत होता. अनुजाच्या हाताला ते लगेच कळलं. तिनं गाडी कडेला घेतली, फोन लावला.

"आबा, स्टेअरिंग थरथरतंय."

पलीकडे शेडमध्ये माणसांचा आवाज होता, प्रसाद वाटला जात होता.

"नवी चाकं हायत," आबा म्हणाले. "बसतील. हळू जा."

ती हळू गेली. हे मी शपथेवर सांगतो, कारण तिचा वेग म्हणजे मीच होतो. पन्नासच्या वर ती गेली नाही. आजरा जवळ आला, काजूच्या बागा लागल्या आणि एका साध्या वळणावर माझा शेवटचा नट गळाला. मी एकटाच रस्त्यावरून पुढं पळत गेलो. मागं लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज झाला, आणि मग झाडाचा.

अनुजाच्या कपाळाला सहा टाके पडले. बाळाबाईचं मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. त्या वर्षापासून ती वॉकर धरून चालते. भाताच्या वाफ्यात ती पुन्हा उतरली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सम्राट सगळ्यांसमोर म्हणाला, "मामांनी फोनवर सांगितलेलं, हळू जा म्हणून. हिला गाडी हाय का विमान! माझ्या आईचा पाय घेतला हिनं."

आबा तिथंच बाकावर बसले होते.

त्यांनी मला टेम्पोतून घरी आणलं, गोणपाटात गुंडाळून. मोडीत द्यायचा धीर झाला नाही आणि डोळ्यांसमोर ठेवायचाही झाला नाही. मग पाण्याचं पिंप माझ्यावर ठेवलं. पिंपाला बूड हवंच होतं, म्हणाले.

अनुजा पहिल्यांदा म्हणायची, "मी हळूच होते." पुढं म्हणू लागली, "बहुतेक हळूच होते." वर्षभरानं म्हणाली, "वळणावर जरा जोरात असेन." सगळं गाव एकच गोष्ट सांगत असलं की आपल्या हाताला कळलेलंसुद्धा खोटं वाटायला लागतं. तिनं गाडी विकली. फिरतीचं काम सोडून ती ऑफिसात आवक-जावक रजिस्टर लिहायला बसली. आता स्कूटरसुद्धा चालवत नाही, कुणाच्या तरी मागं बसते. ज्या पोरी तिच्याकडे बघून गाडी शिकायला निघाल्या होत्या, त्यांना घरचे म्हणतात, "अनुजाचं बघितलंस न्हवं?"

आणि मी पिंपाखालून हे ऐकत होतो. माझ्या चार नव्या भोकांच्या कडा फाटलेल्या आहेत. ज्याला लेथ कळतो त्यानं एकदा बोट फिरवलं असतं तरी सगळं कळलं असतं. पण इथं लेथ कळणारा एकच माणूस होता, आणि तो पिंपातून तांब्या भरून घेताना माझ्याकडे बघत नसे. तीन खंडेनवम्या झाल्या. हत्यारांवर हळद-कुंकू पडलं, माझ्यावर ओघळलेलं पाणी. आबा "बसवतो की" म्हणायचे बंद झाले. कुणी मोडकं घेऊन आलं तर "बघतो" म्हणतात. मला त्यांची कीव येत नाही. खरं सांगायचं तर रागच येतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्याल. चाकं निवडताना कुणी म्हणालं की जरा घासून, जरा कातून बसवू, तर त्याला हात जोडा आणि मापाचंच मागा. चाक वाईट नसतं, गाडीही वाईट नसते, दोघांचं माप एक नसतं इतकंच. आणि तुमच्या हातून काही अर्धं राहिलं तर त्याच दिवशी सांगा. चारचौघांत लाज वाटेल, वाटू दे. लाजेनं कुणाचं हाड मोडत नाही.

परवा दुपारी अनुजा डबा घेऊन शेडमध्ये आली. आबा लेथवर होते. ती स्टुलावर बसून फोनवर काहीतरी टाइप करत होती.

"काय लिवतीस?"

"संघाचं पत्र आलंय. आजऱ्याच्या शीतकरण केंद्राला इन्चार्ज म्हणून जातेस का विचारतायत. गाडी देणार आहेत, पण स्वतः चालवायची. नाही म्हणून कळवते."

"का?"

"का काय, आबा? त्याच रस्त्यावर? आत्तीच्या दारावरनं गाडी घेऊन जाऊ?" ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "माझा हात भरवशाचा नाही. सगळ्यांना माहीत आहे."

आबांनी लेथ बंद केला. पट्टा फिरत फिरत थांबेपर्यंत ते उभे राहिले. मग पिंपाजवळ आले, दोन्ही हातांनी पिंप कलतं केलं. पाणी सगळ्या जमिनीवर गेलं, त्यांच्या पायांवरून, तिच्या चपलांवरून.

"अवो आबा! काय करताय?"

त्यांनी मला ओढून बाहेर काढलं आणि तिच्यासमोर उभं केलं. तीन वर्षांनी माझ्या तोंडावर उजेड पडला.

"हे अजून ठेवलंय तुम्ही? मोडीत घाला की!"

आबा खाली ओल्यात बसले. तिचा हात धरून त्यांनी तिचं बोट माझ्या फाटक्या भोकाच्या कडेवर ठेवलं.

"हितं उतार पायजे हुता," ते म्हणाले. "नट बसायला. बाकी तिन्हीला दिलता, ह्याला दिला न्हाय. खंडेनवमी उजाडली, हत्यारं पूजेला गेली." त्यांनी तिचं बोट शेजारच्या फाटक्या भोकावर नेलं. "तू रस्त्यातनं फोन केलतास, तवा मला कळलं की हेच चाक हाय. तुझा हात चुकला न्हाय, अनु. मला म्हाईत असून मी तुला 'बसतील' म्हणलं."