उल्कानाथाच्या टोपाची कैफियत

मी उल्कानाथाचा टोप. वडशाच्या केसरबाईंच्या नाट्य कंपनीची गाडी पुढच्या गावाला निघाली आहे आणि मी तिच्या मागच्या भागात, ऑर्गनच्या पेटीवर बसून बोलतोय. झाडीपट्टीत दिवाळी ते होळी या दिवसांत ज्याने एक तरी नाटक पाहिलं आहे, त्याला माझी ओळख करून द्यायला नको. उरलेल्यांनी जरा कान द्या. माझं डोकं फिरलं आहे, आणि डोकं फिरल्यावर गप्प बसायला मी काही माणूस नाही.

जन्माने मी मोटारसायकलचं हेल्मेट. माझा पहिला मालक ब्रह्मपुरीचा एक कापडवाला. मी त्याच्या हँडलला लटकायचो. लांबून पोलीस दिसला की डोक्यावर चढायचो, पोलीस मागे पडला की पुन्हा हँडलला. माणसं जीव वाचवायला डोकं झाकत नाहीत, पावती वाचवायला झाकतात, हे शहाणपण मला कोवळ्या वयातच आलं. पुढे पट्टा तुटला आणि त्याने मला भंगारात दिलं.

भंगारातून मला उचललं मुखरू पेंटरने. हा कंपनीचे पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, तुरुंग, सगळं एकाच ब्रशने. त्याने मला चंदेरी रंग दिला, जुन्या रेडिओच्या दोन काड्या कानावर बसवल्या, कपाळावर स्कूटरचा लाल दिवा आणि तोंडावर काळी काच. केसरबाईंनी मला फिरवून फिरवून पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "मुखरू, हे तं खरंच आभाळातून पडल्यावानी दिसते!"

नाटकाचं नाव होतं 'आभाळातला पाव्हणा'. दूरच्या ताऱ्यावरचा उल्कानाथ पावसाळ्यात भामरागडच्या जंगलात उतरतो. रस्ते बंद असतात म्हणून सरकारला त्याचा पत्ता लागत नाही. लोकांना हे इतकं पटलं, की पहिल्याच वर्षी सगळ्या गावांची मंडळं नाटक ठरवायला आमच्या दारात. मग दर हंगामाला नवा भाग. एकदा माजरीच्या खाणीतून यंत्रराक्षस निघाला, एकदा वैनगंगेचं पाणीच कोणीतरी दुसऱ्या ग्रहावर ओढून नेलं. पहिल्या भागाला आईच्या मांडीवर झोपलेली पोरं आता मिशा पिळत पहिल्या रांगेत बसतात.

या सगळ्या भागांत उल्कानाथ एकच, श्रीहरीभाऊ. आवाज असा, की माइक बंद पडला तर पेंडॉलबाहेरच्या पानठेल्यावरही संवाद ऐकू जावा. आणि त्याची आभाळउडी! रंगमंचाच्या बाजूला बांबूचं उंच मचाण, खाली तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग. उल्कानाथ वरून स्वतःला झोकून द्यायचा आणि अख्खं गाव उभं राहायचं. पण गुडघे काही संवाद नव्हेत, की पाठ केले आणि टिकले. आधी उडीला दोर आला, मग अंधार करून शिडी आली. लोकांनी तेही गोड मानून घेतलं. आपला म्हटला की त्याचं सगळं चालतं.

शेवटी भाऊ स्वतःच केसरबाईंना म्हणाला, "बाई, आता माह्यानं होत नाई. टोप संघप्रियाले द्या."

संघप्रिया सिंदेवाहीची. बाप तिथल्या भात संशोधन केंद्रात मजुरीला. ती नाटकात उल्कानाथाच्या मानलेल्या बहिणीचं काम करायची आणि पडद्याआड उभी राहून भाऊचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायची. नव्या भागात उल्कानाथ आपल्या ताऱ्यावर परत जातो, जाताना टोप बहिणीच्या डोक्यावर ठेवतो आणि धरतीची राखण तिच्यावर सोपवतो, असं ठरलं. भाऊने तिला अंगणात महिनाभर शिकवलं. तिने पहिल्या दिवशी मला आतून पुसलं. इतक्या वर्षांचं भाऊचं तेल आणि घाम! आजवर कोणाला सुचलं नव्हतं. मग ती मचाणावर चढली आणि हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन तणसावर उतरली. मी आधी घाबरलो, आणि खरं सांगतो, नंतर मला आनंद झाला. उडी म्हणजे काय असते, ते मी विसरून गेलो होतो.

टोप घातलेल्या संघप्रियाचं पोस्टर मोबाइलवर गेलं आणि आग लागली.

कोसमटोल्यात 'उल्कानाथ प्रेमी मंडळ' आहे. त्याचा म्होरक्या लोकेश. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि दिवसभर बोटं मोकळी. त्याने पहिला दगड मारला, मग काय, गावोगावचे हात शिवशिवले. 'बाईचा उल्कानाथ? मंग आभाळात भाकरी कोन थापन?' 'आमचं लहानपन नासवलं.' 'कंपनीले उल्कानाथ समजलाच नाई.' ज्यांनी आयुष्यात नागपूरपलीकडे पाऊल टाकलं नाही, ते उल्कानाथाच्या ताऱ्यावरच्या चालीरीती एकमेकांना समजावून सांगत होते. नाटक अजून कोणी पाहिलेलंच नव्हतं. पण न पाहता बोलण्यात जी रंगत आहे, ती पाहून बोलण्यात कुठे?

मग लोकेश मंडळातल्या दोघांना घेऊन वडशाला आला. कार्यालयात चहा आला. मी टेबलावर होतो, भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत.

"बाई, आमच्या गावचं नाटक आमी दुसऱ्या कंपनीले देतो," लोकेश म्हणाला. "पाव्हने लांबून येतेत. त्यायले का दाखवाचं?"

"पोरीचं काम तं पाहा आधी," केसरबाई म्हणाल्या.

"काम करत असन. नाव बी चांगलं हाय. आडनाव का हाय तिचं?"

"खोब्रागडे."

लोकेशने कप खाली ठेवला. "असं का. नाई, तसं आमच्या मनात काई नाई. पन गावातले लोकं..."

'आमच्या मनात काही नाही' हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या तोंडांतून ऐकलं, की ज्याच्या मनात आहे तो माणूस राहतो तरी कुठे, असा मला प्रश्न पडला.

भाऊने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. 'मीच निवडली तिला' एवढे तीन शब्द. पण लोकेश उठला, भाऊच्या पाया पडला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्याबिगर उल्कानाथ नाई." भाऊचे डोळे भरून आले. तो लोकेशच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि एक अक्षर बोलला नाही. म्हाताऱ्या नटाची टाळी सुटत नाही, हे मी समजू शकतो. माफ नाही करू शकत.

मंडळी गेल्यावर केसरबाईंनी तोडगा काढला. टोप सोपवायचा प्रवेश कापायचा, काळी काच प्रयोगभर खाली. आत संघप्रिया. भाऊ पडद्याआड खुर्चीवर बसून माइकवर संवाद बोलणार. पोस्टरवर भाऊचा फोटो.

"अन् माहं नाव?" संघप्रियाने विचारलं.

"टाकतो ना खाली, सहकलाकारायमंदी. एक हंगाम दम धर, पोरी. लोकायनं एकदा उडी पाह्यली की मंग सांगू."

"कवा सांगान?"

"कोसमटोल्यात. हंगामातला शेवटचा प्रयोग. तिथी काच वर कर. शब्द हाय माहा."

ती कबूल झाली. ती भोळी होती असं नव्हे. एकदा काम डोळ्यांनी पाहिलं की लोक मानतील, यावर तिचा विश्वास होता. मीही तसंच समजत होतो. मला निदान मेंदू नाही, ही सबब आहे.

तो हंगाम काय सांगू! बाहेर भाऊचा आवाज गरजायचा आणि आत, माझ्या काळ्या काचेमागे, संघप्रिया प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हणायची. ऐकणारा मी एकटा. मचाणावरून ती झेपावली की पेंडॉल दणाणायचा. उडीचे व्हिडिओ घरोघर पोचले. लोकेशने त्यावर लिहिलं, 'या वयात भाऊची उडी पाहा. जाय म्हना एखाद्या पोरीले अशी उडी घ्याले!' ते तिने गाडीत वाचलं आणि ती हसली. कोसमटोला जवळ येत होता ना.

कोसमटोल्यात तिने कमाल केली. आभाळउडीला बायाबापड्या खुर्च्यांवर चढल्या. शेवटचा प्रवेश झाला, भाऊचा आवाज थांबला आणि संघप्रियाचा हात काचेकडे गेला. त्याच क्षणी केसरबाईंनी बोट हलवलं आणि पडदा पडला. लोकांसमोर काच वर झालीच नाही.

सकाळी ग्रामपंचायतीच्या पटांगणात सत्कार होता. तिथेच रात्रीचा पेंडॉल सुटत होता, पण मचाण अजून उतरवलं नव्हतं. भाऊला शाल, नारळ, भलामोठा हार. मला त्याच्या मांडीवर ठेवलं. लोकेशने चहा पीत उभ्या असलेल्या संघप्रियाकडे मोबाइल दिला.

"बाई, आमचा भाऊसंगं थोडा फोटो काढून देता का?"

तिने कप खाली ठेवला. फोटो काढला, दोन काढले, नीट पाहून मोबाइल परत दिला. मग भाऊच्या मांडीवरून मला उचललं, डोक्यावर घातलं आणि ती पंजाबी ड्रेसमध्येच मचाणावर चढली. "अवो पोरी, का करून राह्यली?" केसरबाई ओरडल्या. रात्रीतून गावच्या बैलांनी तणसाचा निम्मा ढीग खाऊन टाकला होता. तिने पाहिलं आणि तरी उडी घेतली. तीच गिरकी, लख्ख उन्हात. उतरताना पाय मुरगळला, तो आवाज मी ऐकला. ती उभी राहिली आणि तिने काच वर केली.

"रातची उडी हेच होती," ती म्हणाली. "मीच मारली. अख्खा हंगाम मीच मारून राह्यली. माहं नाव संघप्रिया खोब्रागडे."

आशाबाई नावाच्या एका म्हातारीने टाळी वाजवली. दोन-तीनदा वाजवली. मग बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने हात पदराखाली घेतले.

"आमाले फसवलं," लोकेश म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि रात्रीचा व्हिडिओ लावला. हाच व्हिडिओ त्याने रात्री पाचपन्नास जणांना पाठवला होता. आता डोळे बारीक करून पाहू लागला. "हे पाहा. पाय वाकडा पडते. मले रातीच शंका आली होती. भाऊच्या उडीत जे दम होता, ते नाई यात."

"होय ना," मागचा म्हणाला, "दिसूनच राह्यलं बाई हाय म्हनून."

तीच उडी, तोच मोबाइल, तेच डोळे. बदललं होतं ते फक्त नाव. मी जन्मभर माणसांची डोकी झाकली, पण आत काय असतं ते त्या सकाळी पाहिलं.

गाडीत भाऊ तिच्या शेजारी बसला. अंगावर शाल तशीच. "पोरी," तो हळूच म्हणाला, "मी बोलनारच होतो."

"कवा, भाऊ?"

भाऊने शाल सारखी केली. सिंदेवाही आलं तेव्हा ती लंगडत उतरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही.

या हंगामात नवा उल्कानाथ आला. केसरबाईंचा पुतण्या, प्रफुल. पोस्टरवर त्याचा फोटो हातभर मोठा. तो संवाद विसरतो, मला उलटा धरतो, मचाणाकडे पाहिलं तरी त्याला घेरी येते. लोकेशच्या मंडळाने दोन दिवस कुरकूर केली आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'नवीन पोरगा हाय. शिकन हळूहळू. आपनच सांभाळून घ्याले पायजे.'

शिकन! जी शिकून आली होती तिला एक रात्र मिळाली नाही, आणि याला सगळं आयुष्य पडलं आहे.

पण लोक उडी मागू लागले. मग परवा केसरबाईंनी संघप्रियाला फोन लावला, स्पीकरवर. मी समोरच होतो.

"ये ना माय, फक्त उडीपुरती. काच खाली ठेवून. कोनाले समजनार नाई."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती म्हणाली, "बाई, लोकायले टोपच पायजे होता ना? मंग टोपालेच मचाणावर ठेवा अन् द्या ढकलून."

फोन बंद झाला. केसरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या हुशार बाई आहेत, कंपनी उगाच चालवली नाही.

काल कोसमटोल्यात त्यांनी उल्कानाथाच्या चंदेरी कपड्यांच्या जादा जोडात तणस कोंबलं. बाही, पाय, पोट, सगळं ठासून भरलं. माझ्यातही भरलं आणि त्या बुजगावण्यावर मला बसवलं. काच खाली. आभाळउडीच्या वेळी मचाणावरून आम्हाला ढकलून दिलं. मी गरगरत खाली आलो आणि पडलो. अंधार झाला, बुजगावणं ओढून नेलं आणि मला काखेत धरून प्रफुल त्या जागी उभा राहिला. पेंडॉल दणाणला. खुर्च्यांवर चढले लोक. लोकेशने सगळ्यांच्या आधी लिहिलं, 'असली उडी! आपला उल्कानाथ परत आला!'

मी कान देऊन ऐकत होतो. टाळी तेवढीच पडली, संघप्रिया. तुला पडायची तेवढीच, एका हातानेही कमी नाही.

आता आम्ही पुढच्या गावाला चाललो आहोत. माझ्यातलं तणस कोणी काढलेलं नाही, उद्या पुन्हा लागणार आहे म्हणून. तू येऊ नकोस, पोरी. कोणी कितीही गोड बोललं तरी येऊ नकोस. इथे यांना जसा उल्कानाथ हवा होता, तसा मिळाला आहे.