आडवेकाकांची मुंगी

त्या सिनेमांतलं रक्त गोड असायचं. बीट उकळायचं, त्याचं पाणी साखरेच्या पाकात ओतायचं, वर चिमूटभर कोको टाकला की झालं रक्त तयार. दिसायला सरबत आणि वासाला सडकी भाजी. दुपार होईस्तोवर त्याला मुंग्या लागायच्या, माश्या बसायच्या आणि मेलेली माणसं पडल्या पडल्या अंग खाजवायची. मग सिनेमे काढणारा शेठ खुर्चीतून ओरडायचा, "अरे मेलात ना? मग मेल्यासारखे पडा की!"

ही खाजवणारी प्रेतं संध्याकाळी कात्रीच्या पुढ्यात येऊन पडायची. कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. शूट झालेले तुकडे कापून, जोडून त्यांचा सिनेमा करणं हे तिचं काम, म्हणून शेठने तिला ठेवलेलं ते नाव. गॅरेजच्या डोक्यावरच्या खोलीत, ग्रीस आणि जळक्या रबराच्या वासात बसून ती कित्येक वर्षं हा उकिरडा उपसत होती.

उकिरडाच तो, दुसरं काय म्हणणार? शेठच्या सिनेमांनी थिएटरचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ते थेट डिस्कवर निघायचे आणि भाड्याच्या दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडायचे, नाहीतर लांब पल्ल्याच्या बसमध्ये ओकाऱ्या काढणाऱ्या प्रवाशांच्या नशिबी यायचे. नावात सूड किंवा बारूद आणि त्याच्यापुढे आकडा. सगळी मारामारी एकाच बंद पडलेल्या बाटल्यांच्या कारखान्यात. हीरो म्हणजे शेठचा मेहुणा. पळताना त्याला धाप लागायची, म्हणून तो सगळे सूड चालत जाऊन घ्यायचा. आणि स्फोट तर एकच होता! शेजारच्या गोदामाला खरोखरची आग लागली, तेव्हा शेठने अग्निशमन दलाला फोन करायच्या आधी कॅमेरा आणला होता. तेव्हापासून ते बिचारं गोदाम प्रत्येक सिनेमात जळत होतं. एकात तर दोनदा जळलं, दुसऱ्यांदा चित्र उलटं फिरवून.

कात्रीला या सगळ्याची किळस यायची. घरी गेल्यावर ती कोपरापर्यंत हात धुवायची, जणू ते चिकट रक्त पडद्यातून अंगावर उडालं होतं. शेजारणींना ती सांगायची, "जाहिरातींचं काम करते." पण मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा तिचा एक चोरटा मामला होता. मेहुण्याची लाथ गुंडापासून हातभर लांब पडायची. कात्री मधला तुकडा अस्सा उडवायची, वर ओल्या गोणपाटावर काठी आपटल्याचा आवाज चढवायची, आणि गुंड थेट भिंतीवर जाऊन आदळायचा. तेव्हा तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. ती ते पुन्हा बघायची. मग दाराला कडी घालून आणखी एकदा बघायची. मजा यायची, आणि मजा येते म्हणून स्वतःचीच जास्त किळस यायची.

आणि याच सिनेमांत तिचे बाबा मरायचे.

बाबांचा सगळा जन्म पार्सलच्या काउंटरमागे गेला होता. निवृत्त झाल्यावर घरात बसून बसून ते कडू झाले, तेव्हा एकदा मरायला ठरवलेला माणूस आला नाही म्हणून कात्रीने त्यांना नेलं. बाबा असे काही कोसळले, की शेठ खुर्चीतून उठला. त्यानंतर एकही सिनेमा त्यांच्या मरणाशिवाय झाला नाही. कधी पहारेकरी, कधी दुकानदार, कधी इमानदार कारकून, आणि सिनेमा धड सुरू होतो न होतो तोच आडवे. तिथले सगळे त्यांना आडवेकाका म्हणायचे. बाबांना त्याचा अभिमान वाटायचा. घरी गादी टाकून ते पडायचा सराव करायचे. "पोटात गोळी लागली की माणूस आधी चकित होतो," ते समजावून सांगायचे. "दुखणं मागून येतं." ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर पार्सलांवर शिक्के मारले, तोच हात ते पोटावर धरून इतके चकित व्हायचे की बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडावा.

नवी डिस्क आली की घरचे तिघं बघायला बसायचे. आई रिमोट हातात घेऊनच बसायची. बाबा पडले, डोळे थिजले, की ती म्हणायची, "झालं, मेले. चला जेवायला." आणि टीव्ही बंद. "माझा माणूस गेल्यावर त्या बाकीच्या टोणग्यांचं पुढे काय होतं, ते मला बघायचं नाही," असा तिचा हुकूमच होता. दुसऱ्या दिवशी ती डिस्क दोरीला बांधून गॅलरीत टांगली जायची, कबुतरं घाबरावीत म्हणून. आईच्या लेखी तिचा तेवढाच उपयोग. पण कबुतरंही घाबरत नसत.

जेवता जेवता बाबा दर वेळी विचारायचे, "मग पुढे? माझा सूड घेतो ना तो?"

"घेतो की," कात्री ताटातून मान वर न करता म्हणायची. "तुमच्यासाठीच तर पेटून उठतो."

बाबा समाधानाने मान हलवायचे आणि आणखी एक घास जास्त खायचे. कात्री मात्र ताटातलं नुसतं चिवडत बसायची. कारण बाबा मेल्यावर त्या सिनेमांत त्यांचं कोणी नावही काढत नसे. एकदा तर हीरो त्यांच्या प्रेतावरून टांग टाकून हीरोइनला भेटायला गेला होता. तो तुकडा जोडला होता तिनेच.

मग बाबा खरोखर पडले, न्हाणीघरात. कंबरेचं हाड सांधलं, पण हातात काठी आली. चालायला लागल्याबरोबर त्यांनी पलंगावर पडायचा सराव सुरू केला, आणि शेठच्या फोनची वाट बघायला लागले. नव्या सिनेमाचं शूटिंग चालू झालं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"काकांना बोलवायचं नाही," शेठ दाढेत अडकलेलं काहीतरी काडीने कोरत म्हणाला. "म्हातारा खरंच मोडला, तर लोक माझ्या नावाने शंख करतील. आणि गरज काय? त्यांची मरणं भरपूर पडलीयत आपल्याकडे. एखादं बरंसं लाव."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती माझ्या वडलांची मरणं आहेत, शेठ. सुटे भाग नाहीत गॅरेजमधले."

"मग जपून लाव." शेठने काडीचं टोक निरखून बघितलं आणि ती पुन्हा तोंडात घातली.

नाही लावणार, असं तिने मनाशी ठरवलं. जुना तुकडा नव्यात बसतच नाही, हे शेठच्या नाकावर टिच्चून दाखवायचं आणि बाबांना काठीसकट बोलवायला लावायचं. काठीवाला म्हातारा मेला तर काय बिघडलं? खुर्चीत बसूनही मरता येतं. बाबांचं आता दुसरं होतं काय? त्या फोनच्या आशेवर तर माणूस रोज दाढी करत होता.

तिने मुद्दाम सगळ्यात अवघड तुकडा काढला. त्यात बाबा कारखान्याच्या फरशीवर उघड्या डोळ्यांनी मरून पडले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात ते गोड रक्त सुकत होतं. रक्तातून एक मुंगी वर चढते. ओठावरून जाते, घुटमळते, आणि सरळ नाकपुडीत शिरते. बाबांची पापणी हलत नाही. श्वाससुद्धा नाही. त्या वेळी अख्खं युनिट खिदळलं होतं आणि कात्रीला मळमळलं होतं.

नव्या सिनेमात खलनायक गोळी झाडून खाली बघतो आणि कुत्सित हसतो, असा एक तुकडा होता. मग त्याचं हसू विरतं. खरं म्हणजे त्या गाढवाला पुढचं वाक्य आठवत नव्हतं. कात्रीने त्याच्या नजरेला बाबांची मुंगी जोडली. कारखाना तोच होता, फुटक्या खिडकीतून येणारं ऊनही तेच. खलनायक हसतो, मुंगी नाकात शिरते, खलनायकाचं हसू विरतं. आपण काय करून बसलो, ते त्याला पहिल्यांदाच दिसल्यासारखं.

बसलं! असं चपखल बसलं, की कात्रीच्या अंगावर काटा आला. शेठच्या सगळ्या घाणीत पहिल्यांदाच काहीतरी खरं घडलं होतं. तिने टाळी वाजवली. एकटीच, बंद खोलीत. पुन्हा बघितलं, पुन्हा वाजवली.

तो तुकडा उचलून फेकून द्यायला तिला पुरेसे दिवस मिळाले होते. रोज घरी बाबा विचारायचे, "शेठचा काही निरोप?" आणि ती म्हणायची, "अजून तुमचं मरणच ठरत नाहीये त्यांचं." आणि रोज कामावर गेली की आधी ती मुंगी बघायची. काढावंसं तिला वाटलंच नाही. किळस येण्यासारखी खरी गोष्ट ही होती.

डिस्क तिने घरी आणली नसती. पण शेठला नको तिथे उदारपणा सुचतो. त्याने ड्रायव्हरच्या हाती ती थेट घरी पाठवली, 'काकांना भेट' म्हणून.

"माझ्याशिवाय कसा झालाय, बघू तरी," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतः डिस्क लावली आणि काठी मांडीवर आडवी घेऊन बसले. आईने सवयीने रिमोट घेतला होता. "हे मरणारच नसतील, तर बघायचं तरी काय?" ती पुटपुटली. बाबा बस म्हणाले, तशी कात्रीही बसली.

खलनायकाने गोळी झाडली आणि फरशीवर बाबा दिसले. काळे केस, भरलेले गाल.

"झालं, मेले. चला—" आई म्हणाली आणि तिची जीभ जागच्या जागी थबकली. ती एकदा पडद्याकडे आणि एकदा शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघायला लागली.

मुंगी नाकात शिरली. खलनायकाचं हसू विरलं. आणि कात्रीच्या हातून टाळी वाजली.

तिला ती आवरता आली नाही. बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पोटात गोळी लागल्यावर माणूस आधी चकित होतो, तसे ते चकित झाले होते.

आईचा अंगठा बटणावर गेला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आज मी मेलेलो नाही. पुढे काय होतं ते बघू."

मग त्यांनी सगळा सिनेमा बघितला. मेहुणा चालत आला. त्याच्या शर्टाची बटणं पोटावर ताणली होती. त्याने तोंड उघडलं की दर वेळी बाबा थोडे पुढे वाकायचे, आता हा काय म्हणतोय ते ऐकायला. मेहुणा पेटूनही उठला, पण कोणीतरी त्याच्या गाडीवर ओरखडा काढला म्हणून. सगळा सूड त्या गाडीचा होता. गुंड भिंतींवर आदळले, गोणपाटावर काठ्या बडवल्या गेल्या, एकाच्या तोंडातून बिटाच्या पाण्याची चूळ उडाली आणि आईने "शी" म्हणून तोंड फिरवलं. गोदाम जळलं. मेहुणा हीरोइनला गाडीत बसवून निघून गेला. मग नावं आली. बाबा चष्मा वर करून शेवटच्या नावापर्यंत वाचत राहिले. त्यांचं नाव त्यांत नव्हतं.

"कोणी एक शब्द बोललं नाही गं," ते म्हणाले. "मी तिथे पडलो होतो, आणि कोणी विचारलंसुद्धा नाही. दर वेळी असंच असतं?"

खोटं बोलायची तिला चांगली सवय होती. पण या वेळी ते जिभेवर आलंच नाही.

"दर वेळी," कात्री म्हणाली.

"आणि टाळी कशाला वाजवलीस?"

"मुंगीसाठी." ती म्हणाली. "फार सुंदर जमलं होतं, बाबा. तुम्ही अजिबात हलला नव्हता."

बाबांनी नाकपुडीला बोट लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"चावली होती ती मला, आत," ते म्हणाले. "मला वाटलं, मी हललो तर पुढचं सगळं बिघडेल."