नंदाबाईंची विसावी वाटी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर आजवर कुणी धडा लिहिला नाही. धावडा गावाजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिच्या दाराशेजारी मी टांगलेला असतो. माझ्यावर पांढऱ्या रंगानं दोनच शब्द आहेत, 'पट' आणि 'हजर'. त्यांच्यापुढचे आकडे रोज सकाळी खडूनं लिहितात, आणि तेवढ्यावर माझा जीव सारखा खालीवर होतो.

कडूबा सुतारानं दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं, तेव्हा पट चौसष्ट होता. साहेब लोक माझ्याकडे बघून मान डोलवायचे आणि मी फुगून जायचो. मग हसनाबादहून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वस्तीवर येऊ लागली. पट पन्नासवर आला, मग छत्तीसवर, मग अठ्ठावीसवर. पट घटला तसं शाळेचं अनुदानही आटलं. मला रंग द्यायला काही उरेना, तेव्हा मुख्याध्यापिका साधना मॅडमनी कोळसा आणि दोडक्याचा पाला वाटून मला चोळलं. काळं फासल्यावर खूश होणारा मी एकटाच असेन.

यंदा पट बरोबर वीस होता. वीसच्या खाली गेला तर दुसरे शिक्षक कल्याण सर इथून जाणार, असं वरून कळलं होतं. मोजणी तीस सप्टेंबरला. अडखळत वाचणारी कितीतरी मुलं सरांनी घडाघडा वाचती केली होती. एकट्या मॅडमनी चार वर्ग कसे सांभाळायचे? महिनाभर मला चैन नव्हतं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाईंना अक्षरं येत नाहीत, पण आकडे त्या माझ्यावरूनच शिकल्या. सकाळी माझा 'हजर' बघायचा आणि तितक्या वाट्या तांदूळ मोजायचा, ही त्यांची रीत. त्यांची नात प्रिया आमच्याच तिसरीत. आणि एकोणतीस तारखेला याच नंदाबाई तिचा दाखला मागायला आल्या.

"मॅडम, पोरगा म्हणून राह्यला, इंग्रजी शाळेत घालू. गाडी दारात येती."

मॅडमनी दाखला लिहून दिला. उद्या मोजणी आहे, हे त्या बोलल्याच नाहीत. आपल्या गरजेसाठी कुणाचं लेकरू अडवायचं नाही, हा त्यांचा बाणा. मला मात्र त्यांचा रागच आला.

तीस तारखेला माझ्यावर लिहिलं गेलं, पट १९, हजर १९. नंदाबाईंनी बघितलं, वाट्या मोजल्या आणि त्या थबकल्या. रोजच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "सर, एक कमी दिसून राह्यलं. कुणाचं लेकरू आलं न्हाई?"

कल्याण सर हळूच म्हणाले, "तुमचंच, मावशी."

नंदाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. मग सरांनी आपल्या जाण्याचंही सांगितलं.

"मंग काल काहून न्हाई सांगितलं?" एवढं बोलून त्यांनी चुलीतली लाकडं मागं ओढली आणि त्या भराभरा घराकडे निघाल्या.

मोजणीचे साहेब आले. चहा प्यायले. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. माझी नजर रस्त्यावरून हटत नव्हती. तेवढ्यात नंदाबाई आल्या, एका हाताला प्रिया आणि दुसऱ्या हातात घडीही न मोडलेला दाखला.

"घरी विचारलं का?" मॅडमनी विचारलं.

"संध्याकाळी भांडीन मी. आधी नाव लिवा."

प्रियाचं नाव पुन्हा चढलं. नंदाबाईंनी पदरानं माझे दोन्ही आकडे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा खडू धरून दोन्हीकडे लिहिलं, २०. वाकडंतिकडं आणि भलं मोठं. मग त्या विसावी वाटी टाकायला गेल्या.

साहेब गेले, सर राहिले. पण मित्रांनो, मी अजून निश्चिंत नाही. पिवळी गाडी उद्याही येईल, आणि नंदाबाईंच्या घरी काय ठरलं ते मला सकाळीच कळेल. तुमच्याही गावात माझ्यासारखा एखादा फळा असेल. जाता-येता त्याचा आकडा वाचत जा. आणि कधी एक कमी दिसलं, तर पुढं जाऊ नका. थांबून विचारा, कुणाचं लेकरू आलं नाही?