रेसच्या केबलला मारलेली गाठ

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा मोबाईलवर टाईप केलं, तीनदा पुसलं. 'मी' लिहिलं की अंगठा अडायचा. शेवटी 'मी' काढून टाकला अन् 'कुंदन' लिहिलं. कुंदनबद्दल लिहायला सोपं जातं. त्याला शिव्या तरी घालता येतात.

तर कुंदन. वय तेवीस, राहायला सुरतच्या डिंडोलीत, कामाला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. गाड्यांचं काम कुणाच्या हाताखाली शिकला नाही. मोबाईलवर बघायचा, स्वतःची गाडी खोलायचा, पुन्हा जोडायचा, एखादा स्क्रू उरला तर खिशात घालायचा. सोसायटीतले लोक त्याला इंजिनियर म्हणायचे. अर्धी चेष्टा होती, पण गाडी बंद पडली की हाक त्यालाच. कुंदनला हे नाव मनातून फार आवडायचं.

जानेवारी लागला, उतराण, म्हणजे इथली संक्रांत, जवळ आली की सुरतेत दर दुसऱ्या गाडीच्या हँडलवर सळईची कमान चढते. पतंगाची दोरी रस्त्यावर आडवी येते, ती गळ्याला लागण्याआधी सळईला लागावी म्हणून. रविवारी कुंदननं सोसायटीतल्या अकरा गाड्यांना कमानी बसवल्या. बसवल्या तर बसवल्या, पण मुठीपासून इंजिनकडे जाणारी रेसची केबल सळईवर घासून खडखड वाजत होती. ते त्याला बघवेना. मग त्यानं केबल जरा ओढून घेतली, सळईला लावली, खात्यातून आणलेल्या पॉलिस्टरच्या धाग्याचे दहा वेढे दिले अन् वर लूमवाल्याची गाठ मारली. ही गाठ आमच्याकडे एका हातानं, बोलता बोलता मारतात. ओढाल तेवढी आवळते. सुटत नाही, कापावी लागते.

काम दिसायला एकदम साफ. प्रत्येक गाडी स्टँडवर लावून त्यानं रेस दिली, सोडली. टक्कन खाली. पास. पुढची आण.

स्टँडवर हँडल सरळ असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्या अकरांत एक गाडी योगराजभाऊची होती. योगराज म्हणजे खात्यात कुंदनच्या शेजारच्या मशीनवरचा, अहिराणी बोलणारा. वयानं दहा-बारा वर्षांनी मोठा, पण दोस्त. सतरा वर्षांचा कुंदन पहिल्यांदा खात्यात आला तेव्हा त्याला धागा धरायला यानंच शिकवलं. पंधरा वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर माणसाच्या कानाचं जे होतं तेच योगराजचं झालेलं. अगदी कानाशी जाऊन ओरडलं तर ऐकू येतं, नाहीतर तो नुसता हसून मान हलवतो. खात्यात त्याचं काही अडत नाही. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळं हातानं चालतं. मिशी पिळली म्हणजे शेठ आला. अंगठा ओठाला लावला म्हणजे चहा. मूठ छातीवर दोनदा मारून पंजा आडवा फिरवला म्हणजे मशीन बंद कर, आत्ताच्या आत्ता. हे शेवटचं दिसलं की कोण करतंय, कशाला करतंय, कुणी विचारत नाही. डावा हात आपोआप मशीनच्या हँडलवर जातो.

मंगळवारी सोसायटीच्या ओट्यापाशी योगराज गाडी घेऊन आला.

"कुंदन, वळताना गाडी वढस रे."

"वढस म्हणजे?"

"रेस सोडी तरी पुढं जास. चिकट लागस."

कुंदननं जागेवरच मूठ पिळली, सोडली. टक्कन खाली. तो योगराजच्या कानाशी गेला अन् सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "चकाचक आहे भाऊ. तेल सोडलंय केबलमध्ये, दोन दिवसांत मोकळी होईल. इंजिनचा आवाज तुला येत नाही, अन् मला रेसचं सांगतो?"

ओट्यावरची पोरं खी खी हसली. योगराजही हसला. मग स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत म्हणाला, "माले ऐकू येत नही. पण हातले समजस."

अन् गेला.

गुरुवारी खात्याला सुट्टी होती. कुंदननं सकाळी स्वतःच्या गाडीलाही कमान चढवली. तसेच दहा वेढे, तशीच गाठ. बाराच्या सुमारास भजी आणायला म्हणून गाडी काढली. गल्ली एवढीशी, त्यामुळे हँडल पार उजवीकडे टेकवून गाडी फिरवावी लागते. त्यानं हँडल टेकवलं, क्लच सोडला, अन् इंजिन किंचाळलं. मूठ त्यानं पिळलीही नव्हती. गाडीनं उडी मारली ती थेट समोर राहणाऱ्या भागीरथी मावशीच्या पाण्याच्या पिंपावर.

"अरे इंजिनियर," मावशी दारातून म्हणाली, "मना पिंपले बी कमान लाई दे."

कुंदन हसला नाही. गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. हँडल सरळ: इंजिन शांत. हँडल उजवीकडे: आवाज चढला. सरळ केलं, उतरला. त्यानं वाकून बघितलं. हँडल वळलं की सळई वळायची, सळईबरोबर केबल ताणली जायची, अन् केबल ताणली की कुणी मूठ न पिळताच रेस मिळायची. सैल ठेवायची तेवढी जागाच त्यानं गाठीत आवळून टाकली होती.

वळताना गाडी वढस रे.

अन् त्याची गाठ तर चार दिवस प्रत्येक वळणाला आणखी आवळत गेलेली. योगराज सकाळीच गाडी घेऊन गेला होता. काल त्याच्या वडिलांचं, सुपडूआबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आज त्यांना मागे बसवून घरी आणायचं होतं.

फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. ज्याला शेजारी बोललेलं ऐकू येत नाही त्याला चालत्या गाडीवर खिशातला फोन काय ऐकू येणार. मग त्याच्या बायकोला, योगिता वहिनीला लावला.

"वहिनी, भाऊ कुठे पोचला?"

"दवाखान्यातून निघून अर्धा तास झाला. येतीलच. का रे?"

"काही नाही."

"काही नाही तर धापा का टाकतो?"

त्यानं फोन ठेवला. आता त्याला दुसरं काही दिसेना, फक्त मोठ्या रस्त्यावरचा कट दिसायला लागला. दवाखान्याकडून येणारा माणूस रस्त्याच्या पलीकडून येतो. सोसायटीत शिरायचं तर डिव्हायडरच्या कटमध्ये थांबायचं, हँडल पार उजवीकडे टेकवायचं अन् समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून यू टर्न मारायचा. सरळ रस्त्यावर योगराजला काहीच होणार नव्हतं. जे व्हायचं ते तिथं होणार होतं, घरापासून तीनशे पावलांवर. मागे डोळ्याला पट्टी बांधलेला म्हातारा घेऊन.

गाडी तिथंच टाकून कुंदन पळाला. खिशात धागा कापायची छोटी कात्री होती, ती मांडीला टोचत होती. एक चप्पल गल्लीच्या तोंडाशी राहिली. रस्ता निम्मा ओलांडून तो कटच्या टोकाला उभा राहिला.

अन् उभाच राहिला. गाड्या येत होत्या, प्रत्येकीवर कमान, प्रत्येक कमान उन्हात चमकणारी. लांबून सगळ्या सारख्याच. ही? नाही. ती? मागे बाई आहे. आधीच वळून गेला असेल का? मग गल्लीत दिसला असता. नाही दिसला म्हणजे मधे कुठे वळला असेल. मधे कुठे वळला असेल तर. असा विचार पूर्ण व्हायच्या आत तो तोडायचा अन् पुन्हा गाड्या बघायचा. कापडाचे ताके भरलेला एक टेम्पो इतका जवळून गेला की शर्ट उडाला.

मग पांढरी टोपी दिसली. टोपीखाली एका डोळ्यावर हिरवी पट्टी. सुपडूआबा एका हातानं मुलाचा शर्ट धरून, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी घेऊन ऐटीत बसलेले. योगराजनं इंडिकेटर दिला.

"भाऊ, वळू नको," कुंदन ओरडला. "थांब. वळू नको."

योगराजनं त्याला बघितलं. हसला. मान हलवली. तेच त्याचं हसणं, काहीच ऐकू आलं नाही म्हणून हसायचं ते. अन् कटमध्ये शिरून हँडल वळवायला लागला.

इंजिनचा आवाज चढायला लागला. कुंदनला ऐकू येत होता, आबांना येत असेल, ज्याला यायला हवा त्यालाच येत नव्हता. अलीकडच्या बाजूनं दुसरा एक टेम्पो हॉर्न दाबत भरधाव येत होता.

कुंदननं मूठ छातीवर मारली. एकदा, दोनदा. पंजा आडवा फिरवला.

योगराजच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. पण डाव्या हातानं कुणाला विचारलं नाही. तो हात आपोआप आवळला, अन् त्या हाताखाली क्लच होता. इंजिन जागच्या जागी किंचाळत राहिलं, पण चाक सुटं झालं. गाडी जेमतेम हातभर पुढे जाऊन थांबली. कुंदननं झेप घेऊन चावी फिरवली.

टेम्पो समोरून गेला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मरवु छे के अल्या?"

"काय व्हयनं?" आबा म्हणाले. "हाऊ कुंदन रस्तामा काबरं नाची ऱ्हायना?"

गाडी ढकलत डिव्हायडरच्या कडेला घेतली. धागा इतका आवळला होता की कात्री त्याखाली जाईना. शेवटी गेली. दहा वेढे सुटले, केबल ढिली होऊन बाहेर लोंबली. त्यानं चावी लावून गाडी चालू केली, हँडल एकदा डावीकडे टेकवलं, एकदा उजवीकडे. इंजिन शांत.

योगराज त्या कापलेल्या धाग्याकडे बघत होता. "काय अडकेल व्हतं?"

खरं सांगायचं तर कुंदनच्या तोंडात उत्तर तयार होतं. कचरा अडकला होता भाऊ, काढला. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. योगराजनं मान हलवली असती, आबांनी आशीर्वाद दिला असता, इंजिनियर इंजिनियरच राहिला असता.

तो योगराजच्या कानाशी गेला. "माझी गाठ होती. तू मंगळवारी बरोबर सांगत होता. मी हँडल वळवून बघितलंच नाही."

योगराजनं तळवा पँटला पुसला. मग विचारलं, "किती गाड्यासले मारी अशी?"

"अकरा. तुझी एक सुटली."

"आनंदानी?"

आनंदा म्हणजे भागीरथी मावशीचा मुलगा. दोन वाजता पांडेसऱ्याला मिलमध्ये पाळीवर निघतो, याच कटवरून. मोबाईलमध्ये बारा पंचवीस झाले होते.

"त्याचीही आहे."

"मग आठे काय उभा से?"

कुंदनला जायचं होतं, पण पाय निघेना. दहा दारं. दहा वेळा तेच सांगायचं. ओट्यावरची पोरं पुन्हा तिथंच असणार. पण त्याहून जास्त त्याला मंगळवारी ओट्यासमोर योगराजचं केलेलं हसं टोचत होतं. तो पुटपुटला.

"काय?" योगराजनं कान पुढे केला. मागून बस चालली होती.

कुंदन मोठ्यानं बोलला. कटमध्ये थांबलेले दोन गाडीवाले वळून बघायला लागले, तरी बोलला. "दोन वाजायच्या आत सगळ्यांचे धागे कापतो. अन् प्रत्येकाला सांगतो, गाठ माझी होती अन् योगराजभाऊनं आधीच सांगितलं होतं. ओट्यावर, सगळ्यांसमोर सांगतो. शब्द आहे माझा."