दुर्गाच्या नावावरचं लोन

अर्जाच्या तिसऱ्या पानावरचा नववा रकाना साडेचार सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर उंच होता. काही कारण नसताना दुर्गाने तो पट्टीने मोजला होता. रकान्याच्या डावीकडे छापलं होतं : 'अर्जदार, पती किंवा पत्नी, अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर आहे काय?' उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं. बाकीचे सगळे रकाने तिने निळ्या शाईने भरले होते. हा एक पाच आठवडे कोरा होता.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर होती. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात सिलिका किती, हे दर चार तासांनी पाहायचं. कधी सिलिका इतकी कमी असे की यंत्राला ती दिसतच नसे. कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात दुर्गाने अशा ठिकाणी शून्य लिहिलं होतं. तेव्हाच्या वरिष्ठ इंदुताईंनी ते खोडायला लावलं. "तुले दिसली नाई, तं दिसली नाई असं लिही. नाईच आहे, हे तू कशी सांगशील?" इंदुताई कधीच्या निवृत्त झाल्या, पण तेव्हापासून दुर्गाने वहीत शून्य लिहिलेलं नव्हतं.

तिचा नवरा प्रफुल गोंडपिपरीचा, त्याच केंद्रात दुसऱ्या कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं ती दोघं गेटबाहेर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी संध्याकाळी तिच्यावर राखेचा पातळ थर असे. आता मूल रोडला घरांची एक रांग उभी राहत होती. त्यातलं टोकाचं घर त्यांनी धरून ठेवलं होतं. आयुष्यातलं पहिलं घर घेणाऱ्यांच्या कर्जावरचं काही व्याज सरकार भरणार होतं. ती सवलत मिळाली तर हप्ता दोघांच्या पगारात बसत होता, नाही तर बसत नव्हता. प्रफुलने ते तीन वेळा मांडून पाहिलं होतं. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता.

दुर्गाचं माहेर गडचिरोलीच्या जंगलातलं, माडिया लोकांचं. आठ वर्षांपूर्वी, ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना, तिच्या आईला, सोनीबाईला, सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. यंत्राने सोनीबाईचा अंगठा घेतला नाही. तेंदूपत्ता तोडून, बांबू सोलून अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की काचेवर नुसता एक गोल डाग उमटे. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला संगणकावर बसलेला माणूस म्हणाला, पोरीचं बँकेत खातं आहे ना, तिचंच नाव टाकू. दुर्गाने अंगठा ठेवला आणि यंत्रात लगेच हिरवा दिवा लागला. विटांच्या दोन खोल्या झाल्या. दर्शनी भिंतीवर पिवळ्या चौकोनात दुर्गाचं नाव रंगवलं गेलं. सोनीबाईला उघड्या विटा आवडल्या नाहीत. तिने आतून-बाहेरून मातीचा गिलावा दिला, दर दिवाळीला त्यावर नवा हात फिरवला. पिवळा चौकोन पहिल्याच वर्षी मातीखाली गेला.

दुर्गाने हे लपवलं असंही म्हणता येणार नाही. ते घर आईचं होतं. आपल्या नावावर एक घर आहे, असा विचार तिच्या मनात कधी आलाच नाही. नववा रकाना वाचला तेव्हा आला. पण तोवर प्रफुलने घर धरण्याचे पैसे भरले होते आणि फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा तेही ठरवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत पाच आठवडे गेले. एकच नमुना ती दोनदोनदा तपासू लागली. गेटपाससाठी दर वर्षी पोलिसांचा दाखला लागे. खोटं लिहून दिलं आणि उद्या कोणी आधार नंबरवरून शोधलं, तर दाखला नाही, पास नाही, नोकरी नाही. खरं लिहिलं तर घर नाही. दोन्ही वाक्यं तिच्या डोक्यात दिवसभर पाळीपाळीने येत.

बुधवारी संध्याकाळी ती आंघोळीला गेली असताना फोन वाजला. सोनीबाई बुधवारीच फोन करी, कारण त्या दिवशी ती बाजारगावी येई आणि तिथे नेटवर्क असे. प्रफुल अर्ज पुढ्यात घेऊन बसला होता. आणखी कुठलं कर्ज आहे का, अशी एक ओळ त्यात होती. त्याने फोन उचलला आणि नेहमीसारखी थट्टा केली.

"मामी, तुमच्या पोरीच्या नावावर काई लोन-बिन आहे का? बँकवाले विचारून राह्यले."

"आहे ना," सोनीबाई म्हणाली. तिची मराठी बाजारापुरतीच होती. "लोन आहे. तिच्याच नावानं आहे."

प्रफुल हसला. "बरं. केव्हापासून?"

"आठ साल झाले."

"कोनं देल्लं?"

"सरकारनं देल्लं. जवाई, दुर्गाले सांगजो, मोहाची टोपली धाडून राह्यली गावच्या बिरजूच्या गाडीनं." आणि फोन कटला.

दुर्गा ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा प्रफुलने पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं.

"आठ वर्षं," तो म्हणाला. "आठ वर्षांपासून लोन घेऊन बसली, अन् मले पत्ता नाई."

"कोन म्हनलं?"

"तुही माय. सरकारी लोन आहे म्हने, तुह्याच नावानं. शिकासाठी काहाडलं होतं का? काहाडलं तं काहाडलं, सांगाचं होतं ना. बँकेच्या कम्प्युटरवर सारं दिसते."

दुर्गाला क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं. तिने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तो सरळ करत उभी राहिली. 'हो, शिक्षणासाठी होतं, फिटलं,' असं म्हणायला दोन सेकंद पुरले असते.

"आमच्या बोलीत लोन म्हंजे घर," ती म्हणाली.

"काय?"

"माडियात घराले लोन म्हंतात. आईनं कर्ज नाई सांगतलं. घर सांगतलं."

प्रफुल आधी हसला, मग आणखी हसला. "अरे बापा. मी इथी हप्ते मोजून राह्यलो, अन् मामी घराबद्दल बोलून राह्यल्या. हे बँकेत सांगतो मी, मॅनेजर पन हासन..." मध्येच तो थांबला. "तिच्याच नावानं म्हनल्या त्या."

"हो."

"तुह्या नावानं."

"हो."

तिने सगळं सांगितलं. अंगठा, तीन खेपा, हिरवा दिवा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी दोनदा गेलो तिथी," तो शेवटी म्हणाला. "मातीचं आहे ते घर. माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"माती वरून आहे. आत वीट आहे."

"कोन खरवडून पाहाते?"

"खरवडत नाईत. आधार नंबर टाकतात."

"सापडते असं नाई."

"नाई सापडलं तरी आहे ना."

"ते तुह्या लॅबमधलं इथी नोको लावू." त्याने अर्ज तिच्याकडे सरकवला. "पडलं म्हनून गावातून लिहून आन मंग. पावसात पडतात घरं. मामीले कोनी काहाडून थोडी देनार आहे तिथून."

गुरुवारी सुट्टीत तिने बाजारगावातल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने गावात निरोप धाडला आणि दुपारी सोनीबाई तिथे येऊन फोनवर आली. दुर्गाने माडियात विचारलं, घर पडलं असं कागदावर लिहून घेतलं तर चालेल का.

मागे दुकानातला तराजू वाजत होता.

"लिहा," ती म्हणाली. "पण मग मी कुठे राहते म्हणून लिहाल?"

फोन ठेवल्यावर दुर्गा हिशेब मांडू लागली. पडलेल्या घराला विजेचं मीटर राहत नाही. पडलेल्या घराची कराची पावती फाटत नाही. आणि सोनीबाईचा अंगठा अजूनही कुठल्याच काचेवर उमटत नव्हता. तो झिजलेलाच राहणार होता, म्हणजे दुसरं घरकुल कधीच नाही. तिने हे सगळं एका कागदावर उतरवलं, दोन बाजू केल्या, आणि कागद दुमडून पर्समध्ये ठेवला. तिने प्रफुलला काही सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. जेवताना त्याने फक्त एवढंच म्हटलं, "उद्या मी सुट्टी टाकली. तू ठरव. मी काई म्हननार नाई आता."

शुक्रवारी बँकेत गर्दी होती. अर्ज घेणारी मुलगी नवीन होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'दिव्यानी' लिहिलं होतं. ती पानं भराभर उलटत, प्रत्येक सहीवर बोट टेकवत होती. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"मॅडम, इथे राहिलं."

"हो," दुर्गा म्हणाली.

"सगळ्यांचं 'नाही'च असतं तिथे. पहिलंच घर आहे ना तुमचं?" तिने स्वतःचं पेन उघडलं. ते काळ्या शाईचं होतं. "'नाही' टाकते, तुम्ही बाजूला छोटी सही करा."

प्रफुल शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने खिशातून निळं पेन काढलं, दुर्गासमोर ठेवलं आणि हात मागे घेतला. त्याच्या बोटांवर वायर सोलून झालेले बारीक चिरे होते. मूल रोडच्या घराची किल्ली अजून बनलीही नव्हती, पण तिच्यासाठी त्याने मंगळवारीच एक कडी विकत आणली होती. ती त्याच्या गाडीच्या किल्लीबरोबर रिकामी लटकत होती. दुर्गाने ती पाहिली.

मागच्या माणसाने घसा खाकरला. दिव्यानीने काळं पेन रकान्यावर टेकवलं. साडेचार सेंटिमीटरच्या डाव्या टोकाला एक ठिपका उमटला.

"थांबा," दुर्गा म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "तिथे 'होय' लिहा. गडचिरोली जिल्ह्यात विटांचं पक्कं घर आहे. माझी आई राहते त्यात, आणि ते माझ्या नावावर आहे."