कोकराच्या वासाची सॅक

मित्रांनो, मुकुंदवाडीला स्टेशनाजवळच्या एका दोन खोल्यांच्या घरात दारामागच्या खिळ्याला एक मळकट हिरवी सॅक लटकलेली असते. ती मीच. जुनी आहे, विटलेली आहे, आणि खरे सांगायचे तर वासही येतो माझा. पण खिळ्याला लटकणे हा माझा मूळ स्वभाव नव्हे. रस्त्यावरून रिक्षा गेली तरी अजून माझे पट्टे शिवशिवतात.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका बंदराच्या गावी झाला. जाड कॅनव्हास, चामड्याचे पट्टे, पितळी बक्कल. मला शिवणाऱ्या म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मग इंगे नावाच्या तरुण मुलीने मला पाठीला लावले आणि आम्ही जी निघालो ती निघालोच. तिच्या पायाला भिंगरी होती आणि मला तर थांबणे ठाऊकच नव्हते. इंगेची एक रीत होती. परक्या देशात जायचे, एखाद्या लहानशा शेतावर राहायचे, जनावरांचे शेणपाणी करायचे आणि त्या बदल्यात दोन घास आणि झोपायला कोपरा घ्यायचा. ग्रीसमध्ये शेळ्या झाल्या, तुर्कस्तानात कोंबड्या झाल्या. कुठे जीव रमतोय असे वाटू लागले की ती मला भरायला घ्यायची. मला तोच क्षण सगळ्यात आवडायचा.

अशा फिरत फिरत आम्ही औरंगाबादला आलो. वेरूळची लेणी पाहिली आणि नगरकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. तेव्हा वाळूजला कारखान्यांवर नुकतेच पत्रे चढू लागले होते. एका शेताजवळ गाडी अचानक थांबली. समोर मेंढ्यांचा कळप रस्ता अडवून उभा होता. कळपाच्या मधोमध एक बाई उभी होती. तिचा उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला, डाव्या हातात नुकतेच जन्मलेले कोकरू, आणि दुसरे कोकरू पायाशी डांबरावर. त्याची आई त्याला सोडून हलेना आणि ती हलेना म्हणून बाकीच्याही हलेनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला.

इंगे खाली उतरली आणि तिने ते कोकरू उचलले, तशी त्याची आई हलली आणि रस्ता मोकळा झाला. कंडक्टरने क्षणभर वाट पाहिली, मग मला खिडकीतून खाली दिले आणि डबल बेल मारली. आमचा नगरचा प्रवास तिथेच संपला.

ती बाई म्हणजे धनगराची विधवा, कस्तुराबाई. तिचा मुलगा कारभारी नव्या कारखान्यात पाळीवर जाई. घराच्या वाटेवर इंगेने आपले सगळे मराठी एकदम खर्च केले. "मी काम. तू भाकर," ती म्हणाली.

कस्तुराबाईने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. "काम करती म्हनं! कर माय. पर भाकर माझ्या हातची खावी लागंल, तुला थापायची नाय यायची."

मित्रांनो, मेंढीचे कोकरू पहिले काही दिवस कळपाबरोबर चालू शकत नाही. त्याला कुणीतरी उचलून पुढे चालावे लागते. मग त्याच्या मागे त्याची आई येते आणि आईच्या मागे सगळा कळप. कस्तुराबाई पडली होती आणि तिचा खांदा निकामी झाला होता. एका हाताने किती कोकरे उचलणार? कारभारीने तर मनाशी ठरवूनच टाकले होते.

"आई, खांदा गेला तुझा," तो पाळीवरून येऊन जेवता जेवता म्हणायचा. "इकून टाकू ही खांडं. खाटीक इचारायलाय. आता कंपनीची भाकर हाय की आपल्याला."

"माझा खांदा गेलाय, मी नाय गेले," असे म्हणून कस्तुराबाई त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकायची.

पण ती घाबरलेली होती. रात्र पडण्याआधी ती जाळ्याच्या कुंपणाशी, तिच्या शब्दांत वाघुरीशी, उगाच उभी राहायची. कळप गेला तर सकाळी उठून करायचे काय, हे तिला कळत नव्हते. ते मला बाहेर टांगल्या टांगल्या दिसायचे.

दुसऱ्या दिवशी इंगेने माझ्यातले सगळे सामान बाहेर काढले आणि दोन कोकरे माझ्यात बसवली. माझ्यात! जिने समुद्र ओलांडले तिच्यात! वरून दोन तोंडे बाहेर, आत आठ पाय. त्यांनी माझ्यात काय काय केले ते सांगत नाही. संध्याकाळी इंगेला माझी दया आली आणि तिने मला गुलाबी साबणाने घासून घासून धुतले. मी खूश. पण सकाळी कोकरे माझ्यातून पुढे निघाली, तशी भुरी नावाची मेंढी जवळ आली, तिने मला हुंगले, शिंकली आणि चक्क पाठ फिरवून उभी राहिली. कळपही तिथेच ठप्प.

"झोळणा धुतला कामून गं?" कस्तुराबाई कपाळावर हात मारून ओरडली. "आता तिला तिचं लेकरू कसं वळखावं?"

मग तिने मला वाघुरीतल्या लेंड्यांवरून चांगले लोळवले. त्या दिवसापासून मला कुणी धुतले नाही.

इंगे रमली. मी मात्र धुमसत होते. सकाळी निघायचे, माळावर जायचे आणि संध्याकाळी पुन्हा त्याच बाभळीखाली यायचे, याला कुणी प्रवास म्हणेल का? नगरकडे जाणारी प्रत्येक एसटी मला हाक मारते असे वाटायचे. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी पाठीवर चढले की सगळ्या मेंढ्या माना वर करून माझ्याकडे बघायच्या. जिथे मी जाईन तिथे त्या यायच्या. आयुष्यभर मी कुणाच्या तरी मागे लटकत होते, इथे माझ्या मागे कुणीतरी चालत होते.

शेवटी इंगेच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली. मुंबईहून विमान होते. जायच्या दिवशीच शहर बंद होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे म्हणून लोक कित्येक वर्षे झगडत होते. मोर्चे निघत, रस्ते अडत, घरे जळालेली माणसेसुद्धा मागे हटत नव्हती. त्या दिवशीही एसटी नाही, रिक्षा नाही. स्टेशनापर्यंत चालतच जायचे होते.

इंगेला निरोप घेणे कधी जमत नसे. पहाटे कस्तुराबाई पाण्याला गेलेली पाहून तिने मला भरले, पाठीला लावले आणि गुपचूप वाट धरली. मला काय आनंद झाला! पण मित्रांनो, आम्हा दोघींच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. मेंढ्यांना माझ्यात कपडे आहेत की कोकरे, हे काय ठाऊक? सॅक निघाली म्हणजे कळप निघाला. भुरीने वाघूर डोक्याने उचलली आणि तिच्या मागे सगळ्या बाहेर पडल्या. कोकरे तेवढी आत ओरडत राहिली.

इंगेला हे कळले तेव्हा आम्ही हमरस्त्यावर पोचलो होतो. ती थांबली की कळप थांबे, ती चालली की कळप चाले. तिने हाकलून पाहिले, हात जोडून पाहिले, शेवटी रडून पाहिले. माघारी गेली तर गाडी चुकणार, पुढे गेली तर कस्तुराबाईचे सर्वस्व रस्त्यावर. गोंधळून ती पुढेच चालत राहिली, आणि गोलवाडीजवळ रस्त्यात दगड मांडलेले, टायर पेटवलेले आणि निळे झेंडे घेऊन माणसे बसलेली दिसली. त्याच वेळी समोरून पोलिसांची गाडी भोंगा वाजवत आली. धुराला आणि भोंग्याला मेंढ्या बिथरल्या. काही शेतात, काही खड्ड्यात, भुरी तर थेट जाळाच्या दिशेने.

झेंडेवाल्यांतला एक तरुण उठून धावला. तो कडुबा, कारभारीच्याच कारखान्यात काम करणारा. त्याने झेंडा आडवा धरून भुरीला रोखले. "अरे, इझवा त्यो टायर!" तो ओरडला. "आपुन नाव मागाया बसलोय, मुक्या जनावराला भाजाया नाय!" माती टाकून जाळ विझवला गेला. पोलिसही गाडीतून उतरले आणि भोंगा बंद झाला.

तेवढ्यात कारभारी आला. रात्रपाळीवरून घरी पोचतो तो वाघूर मोकळी. तसाच कंपनीच्या खाकी कपड्यांत सायकलवर आईला पुढच्या दांडीवर बसवून तो आला होता. कस्तुराबाईच्या चांगल्या हातात एक काळे कोकरू ओरडत होते.

ती सायकलवरून उतरून इंगेसमोर उभी राहिली. फक्त म्हणाली, "सांगून गेली असतीस तर मी अडवलं असतं व्हय गं?"

इंगेने मला खाली उतरवले आणि रस्त्यावरच रिकामे केले. मला कळले, आता मी इथेच राहणार. कस्तुराबाईने अंगावरची घोंगडी सोडून तिच्यात इंगेचे सामान बांधून दिले. काळे कोकरू माझ्यात बसले. पण आता मला घ्यायचे कुणी? भरलेली मी कस्तुराबाईच्या एका खांद्याला पेलणार नव्हते. सगळे कारभारीकडे बघू लागले. त्याने एकदा पोलिसांकडे पाहिले, एकदा कडुबाकडे पाहिले, मग सायकल आईच्या हाती दिली आणि मुकाट पाठ वाकवली.

खाकी कपड्यांवर मी चढले. कोकराने हाक मारली. शेतातून, खड्ड्यातून मेंढ्या एकेक करून आमच्या मागे आल्या. कडुबा इंगेला स्टेशनावर सोडायला निघाला. मी वळून बघू शकत नव्हते, पण तिची पावले लांब जाताना मला ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशिवाय चालत होती.

त्यानंतर कारभारीने कळप विकायचे नाव काढले नाही. सुट्टीच्या दिवशी तो मला लावून माळावर जायचा, एरवी आईच्या सोबतीला शेजारची बाई यायची. पण माळच आटत गेला. शेत कारखान्याखाली गेले. शेवटी कळप कस्तुराबाईच्या भावाकडे, बिडकीनच्या आप्पाकडे सोपवला आणि आम्ही मुकुंदवाडीला आलो. कस्तुराबाई दिवसभर उंबऱ्यात बसायची, उठायची, पुन्हा बसायची. तिची तगमग मला समजत होती. मी खिळ्याला होते, ती उंबऱ्याला.

मग एका जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळाले. कडुबा पेढे घेऊन आला आणि पेढा हातात धरूनच रडला. कस्तुराबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लई वाट बघितली रं तुमी," ती म्हणाली.

त्याच महिन्यात कारभारीची बायको सरू घर झाडायला लागली. "आत्याबाई, ही सॅक धुऊन टाकते. लई वास मारायली," असे म्हणून तिने मला अंगणात बादलीशी नेले. साबणही होता. कस्तुराबाई उंबऱ्यातच बसून राहिली. तिच्यात अडवायचे त्राणच उरले नव्हते.

तेवढ्यात रस्त्यावर घंट्या वाजल्या. आप्पाचा कळप चाऱ्यासाठी जालन्याकडे चालला होता. त्यातली एक म्हातारी काळी मेंढी अडखळली, कळप सोडून फाटकातून सरळ अंगणात शिरली आणि तिने माझ्यात तोंड खुपसले. गोलवाडीच्या रस्त्यावरून मी जिला घरी आणले, तीच ती. ती तिथे उभी राहून हळूच ओरडली, कोकरू ओरडते तशी.

कस्तुराबाई उंबऱ्यातून उठली. तिने सरूच्या हातातला साबण काढून घेतला, मला डाव्या खांद्यावर टाकले आणि चपला न घालताच रस्त्यावर निघाली. काळी तिच्या मागे, आणि काळीच्या मागे सगळा कळप. आम्ही फक्त वेशीपर्यंत गेलो आणि परत आलो. पण तो प्रवास होता, मित्रांनो. आता मी तसे म्हणते.

तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील. त्यांची काळजी घ्या, फाटल्या तर टाके घाला, उन्हात ठेवा. पण धुण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. एवढेच मागणे आहे. मला अजून पुन्हा कुणी धुतलेले नाही.